फनेलला चिकटलेले थेंब

रात्रपाळी नुकतीच सुरू झाली होती. आईचं दूध काढायच्या पंपाच्या खोलीत नळ वाहताना ऐकू आला म्हणून डोकावले. सिझेरियनला दीड दिवसही झाला नव्हता, आणि एक आई एका हाताने टाके धरून पंपाचं फनेल, म्हणजे स्तनावर लावायचं नरसाळं, धूत उभी होती. मला बघताच रडायलाच लागली. "सिस्टर, वीस मिनिटं लावला. एक थेंबसुद्धा नाही आला हो."

दुसरं फनेल धुवायचं राहिलं होतं. मी ते उजेडात धरलं. आतून मधासारखे घट्ट, पिवळे तीन-चार थेंब चिकटलेले. चीक, आईचं पहिलं दूध! तो इतका दाट असतो की बाटलीपर्यंत पोहोचतच नाही. १ मिलीच्या निर्जंतुक सिरिंजमध्ये ओढून घेतला, तर भरला ०.२ मिली. धुतलेल्या फनेलमधला मात्र गेला होता. पहिल्या दोन-तीन दिवसांत आईसमोर एवढी मोठी बाटली ठेवूच नये, असं माझं ठाम मत आहे. रिकामी बाटली बघून बाई खचते.

तिचं बाळ २९ व्या आठवड्यातच जन्मलेलं, वजन १०८० ग्रॅम. त्याला नळीतून दर दोन तासांनी फक्त १ मिली द्यायचं होतं. हे सांगितल्यावर तिने सिरिंजकडे परत एकदा नीट पाहिलं.

मग पंप बाजूला ठेवून हाताने सुरुवात केली. आधी गरम ओल्या कापडाचा शेक, हलका मसाज. अंगठा वर, बोटं खाली, निपलपासून दोन-अडीच सेंटीमीटर मागे. छातीकडे दाबायचं, बोटं जवळ आणायची, सोडायचं. बोटं कातडीवरून घसरू द्यायची नाहीत, निपल ओढायचं नाही. बराच वेळ काहीच नाही. मग एक थेंब आला, मी तो सिरिंजच्या टोकाने टिपला, आणि त्यानंतर येतच राहिले. दोन्ही बाजूंचे मिळून ०.८ मिली. आधीचे ०.२ धरून बाळाचा एक पूर्ण फीड!

तिला पंप सोडू मात्र दिला नाही. चोवीस तासांत किमान आठ वेळा, रात्रीसुद्धा, कारण स्तन जितक्या वेळा रिकामे होतात तितकं दूध वाढतं. चौथ्या दिवशी दूध उतरलं, आणि तिथून खरं काम मशीनचं. दोन्ही बाजूंना एकदम लावायचा इलेक्ट्रिक पंप निम्मा वेळ वाचवतो. आधी भरभर हलके झटके, पान्हा फुटला की सावकाश आणि खोल. दाबायचा हातपंप अधूनमधून ठीक आहे. दिवसातून आठ वेळा त्याच्यावर काढायला लावलं तर मनगटं भरून येतात.

सहाव्या दिवशी ती दुखतंय म्हणाली. निपल फनेलच्या नळीला घासत होतं. एक माप मोठं फनेल दिल्यावर दुखणं थांबलं. ते माप पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं, आणि ते माझं काम होतं.

अकराव्या दिवशी बाळाला तासभर उघड्या छातीवर धरून ती पंपाला बसली. एका वेळी ७० मिली निघालं. बाटली माझ्या हातात देऊन ती फनेल उजेडात फिरवून बघत होती.

"सिस्टर, ती छोटी सिरिंज द्या ना. इथे अजून आहे."