लातूर ते वेंगुर्ला, आंबोलीच्या रानातून

आंबोलीला निघायच्या आधी वायपरची रबरं बदलून घ्या. मराठवाड्यात ती वर्षातले आठ महिने उन्हात नुसती पडून असतात, कडक होतात, त्यांना चिरा जातात. आपल्याकडच्या सरीत ते जाणवत नाही. आंबोलीच्या धारेत मात्र काचेवर पाण्याचे पट्टे राहतात आणि समोरची एसटी अगदी जवळ आल्यावरच दिसते. एअर फिल्टरमधला काळ्या मातीचा फुफाटा झटका. टायरची खाच कायद्याला १.६ मिलिमीटर चालते, पण ओल्या घाटात निदान ३ तरी हवी, कारण चाकाखालचं पाणी बाहेर काढायचं काम त्या खाचाच करतात.

आम्ही पहाटे चारला लातूर सोडतो. तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर असा साधारण साडेतीनशे किलोमीटरचा सरळ रस्ता. दुपारच्या आत कोल्हापूर येतं. मिरजेत मात्र आम्ही दोन मिनिटं थांबतोच. एप्रिल २०१६ मध्ये इथूनच पाण्याची रेल्वे लातूरला आली होती, पहिल्या खेपेला १० वाघिणी. ते पाणी प्यायलेल्या माणसाला पुढचा पाऊस वेगळा दिसतो. लातूरला वर्षाला ७००-८०० मिलिमीटर, आंबोलीला ७००० च्या घरात. समुद्रावरून आलेले वारे सह्याद्री चढताना निवतात आणि घाटमाथ्यावरच रिते होतात. आपल्या वाट्याला उरलीसुरली ओल येते.

आजऱ्यात टाकी भरून घ्या, घनसाळ तांदूळही इथंच घ्या. पुढे झाडं रस्त्यावर झुकू लागतात. आंबोलीचं रान अंजनी, जांभूळ आणि पिसा या झाडांचं, बारमाही हिरवं, खोडाखोडावर शेवाळ. हिरण्यकेशीच्या देवळापाशी नदीचा उगम आहे. तिथल्या पाण्यात सापडलेल्या बोटाएवढ्या माशाला २०२० मध्ये ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असं नाव मिळालं आणि २०२१ मध्ये राज्य सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरवली. त्या पाण्यात साबण, निर्माल्य, काही म्हणजे काही टाकू नका.

रात्री डबक्याच्या कडेची झुडपं बघा. पानावर लिंबाएवढा पांढरा फेसाचा गोळा दिसला तर तो मलबारी उडत्या बेडकाचा. मादी मागच्या पायांनी स्राव घुसळून फेस करते, त्यात अंडी घालते. पिल्लं सुटली की थेट खालच्या पाण्यात टपकतात. म्हणून ती फांदी वाकवायची नाही, फोटोसाठी सुद्धा नाही. जळू लागली तर ओढू नका, तोंडाजवळ नख आडवं सरकवून सोडवा. रक्त बराच वेळ वाहतं, कारण जळूच्या लाळेनं ते गोठत नाही. घाबरायचं काही नाही.

सावंतवाडीकडचा उतार उजेड असतानाच उतरा. ज्या गिअरमध्ये गाडी घाट चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची, बहुतेक दुसऱ्या. आपल्या सपाट रस्त्यांच्या सवयीनं पाय ब्रेकवरच राहिला की लायनर तापतात, जळका वास येतो आणि पुढच्या वळणाला ब्रेक धरत नाही. वास आलाच तर रुंद जागा बघून अर्धा तास थांबा; तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका. धुक्यात दिवे लो बीमवरच ठेवा, हाय बीमनं धुकंच उजळतं. काच आतून धुरकटली तर एसी चालू, झोत काचेवर आणि बाहेरची हवा आत. दुसरी सवय साइडपट्टीवर चाक उतरवायची. इथं तिच्या जागी गवतानं झाकलेलं गटार असतं, चाक गेलं की क्रेनच लागते.

वेंगुर्ल्याकडे नारळी-पोफळीतून जाणारे रस्ते एका गाडीपुरते, जांभ्या दगडाच्या गडग्यांमधले, म्हणजे कुंपणाच्या भिंतींमधले. हॉर्न द्या, मागे घ्यायची तयारी ठेवा. गाडी वाळूत नेऊ नका. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, कालची वेळ आज चालत नाही.

आमच्या मते जायचं ते सप्टेंबरअखेर. धबधबे वाहत असतात, दरडींचं भय ओसरलेलं असतं आणि मासेमारीची जून-जुलैची बंदी उठल्यानं ताटात ताजा बांगडा येतो. परतीला सावंतवाडीत गाडी खालच्या बाजूनं गोड्या पाण्यानं धुऊन घ्या. खारी हवा चासीला लागते आणि लातूरच्या कोरड्या हवेत तो गंज महिनोन्महिने ध्यानातच येत नाही.