कृष्णेचं खोरं, सहावी नोंद: गेरूची रेघ

जोर गावच्या बाजूने कोळेश्वरच्या पठारावर चढलो. जानेवारीत जिथून परत फिरावं लागलं होतं, तोच डोंगर आणि तीच बाजू, पण वाट वेगळी. ही वाट कशी सापडली ते नीट लिहून ठेवतोय, कारण ती युक्ती एका डोंगरापुरती नाही. सह्याद्रीत कुठेही उपयोगी पडेल असं मला आता पक्कं वाटतं.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. वाईच्या नदीघाटापासून क्षेत्र महाबळेश्वरपर्यंत कृष्णेच्या दोन्ही बाजूंच्या डोंगरांतल्या जुन्या पायवाटा चालून काढायच्या, जीपीएसवर नोंदवायच्या आणि कुठली वाट अजून वापरात आहे, कुठली कारवीच्या झुडपांनी गिळलीय हे लिहायचं, असं दोन वर्षांपूर्वी ठरवलं. सोबतीला दाजी. पांडवगड, धोमपासून बलकवडीपर्यंतचा काठ, कमळगड दोन्ही बाजूंनी आणि जोरहून क्षेत्र महाबळेश्वरला चढणारी वाट एवढं झालंय. कोळेश्वर तेवढं अडून बसलं होतं.

जानेवारीत काय चुकलं ते आधी. नकाशावर एक घळ सरळ पठाराच्या कडेला भिडलेली दिसत होती. आम्ही ओढ्यातून सुरुवात केली. पहिला तास मोठमोठ्या धोंड्यांवरून उड्या मारत मजेत गेला. ओढ्याच्या तळात पाण्याने गोटे फिरवून कोरलेले रांजणखळगे आहेत, काही कमरेएवढे खोल. ते बघण्यात वेळही बराच घालवला. पुढे घळ अरुंद झाली, घसारा वाढला आणि तीसेक फुटांचा कातळटप्पा आडवा आला. दोर होता, पण वर बांधायला काही नव्हतं. डावीकडून वळसा घालावा म्हणून कारवीत शिरलो तर पायाखालची मुरमाड माती सुटायला लागली. दाजींनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "आता फिरायचं. डोंगर कुठं जात नाही." दुपारचे दोन वाजले होते. त्यांचा तो निर्णय बरोबरच होता.

खाली उतरल्यावर एका धनगरवाड्याजवळ पाण्यासाठी थांबलो. तिथल्या बाबांनी आम्ही कुठून वर गेलो ते विचारलं आणि मान हलवली. "वढ्यानं कोण जातंय? पाणी खाली यायची वाट हाय ती, मानसाची न्हवं. तांबडी पट्टी दिसती न्हवं? ती सोडू नगासा. वर चढलासा की कडा, खाली गेलासा की वढा." मी तेव्हा मान डोलावली, पण तांबडी पट्टी म्हणजे काय ते डोक्यात शिरलं नव्हतं. समोरच्या कड्यात फिकट विटकरी रंगाची एक आडवी रेघ दिसत होती, एवढंच.

ते कळलं फेब्रुवारीत, कमळगडावर.

कमळगडाचा माथा छोटा आहे. तटबंदी, बुरूज बघायला जाणाऱ्याच्या हाती फारसं लागत नाही. पण तिथली कावेची विहीर मी या खोऱ्यातली सगळ्यात विलक्षण जागा मानतो. जमिनीला चीर पडावी तसा एक अरुंद चर आहे आणि त्यातून पायऱ्या थेट डोंगराच्या पोटात जातात. मोजल्या तर पन्नासच्या आसपास भरतात. उतरताना उजेड कमी होतो, हवा एकदम गार होते आणि दोन्ही बाजूंच्या भिंती तांबड्या होतात. हात लावला की बोटांना गेरू लागतो. काव म्हणजे तोच.

मी याआधी तीनदा ती विहीर बघितली होती. या वेळी खालच्या पायरीवर बसलो आणि बाबांचं वाक्य आठवलं. ही तांबडी पट्टीच होती, मी तिच्या आत बसलो होतो.

आपला डोंगर लाव्हाच्या थरांचा, हे शाळेत सगळेच शिकलोय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला. पण दोन थरांच्या मध्ये काय असतं याकडे आपण लक्ष देत नाही. काही ठिकाणी एक थर थंड झाल्यावर पुढचा यायला बराच काळ गेला. मधल्या काळात वरचा पृष्ठभाग ऊन-पावसाने कुजला, त्यावर राख, माती साठली. मग नवा तापलेला लाव्हा त्यावर आला आणि ती माती भट्टीतल्या विटेसारखी भाजून निघाली. तीच ही गेरूची रेघ. वर टणक काळा कातळ, खाली टणक काळा कातळ आणि मध्ये मऊ तांबडा पट्टा. पाऊस मऊ भाग आधी खातो, टणक भाग कड्यासारखा उभा राहतो, आणि मधल्या मऊ थराच्या पातळीवर डोंगराला एक आडवी पायरी पडते.

आपण ज्याला पदर म्हणतो तो हाच. सह्याद्री असा जिन्यासारखा का दिसतो, कडा-पदर-कडा-पदर असा, त्याचं कारण हे आहे. आणि कड्याला न भिडता डोंगराला वळसा घालणारी ढोरवाट बहुतेक वेळा या पायरीवरूनच जाते. गुरांना आणि धनगरांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

एक गोष्ट वाईकरांना मुद्दाम सांगतो. दख्खनच्या या लाव्हाथरांच्या वरच्या उपगटाला भूशास्त्रज्ञांनी वाईचंच नाव दिलंय, वाई उपगट. त्यातल्या खालून वर येणाऱ्या रचनांची नावं पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. म्हणजे पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला येणारी एसटी त्या क्रमानेच वर चढते. पुढच्या वेळी खिडकीशी जागा मिळाली तर रस्त्याला कापलेल्या दरडीत तांबडे पट्टे मोजत या.

आता मार्चमधली चढाई. गावातून समोरचा डोंगर दुर्बिणीतून अर्धा तास बघितला. दोन तांबड्या रेघा दिसल्या. वरची मध्येच जंगलात बुडते, खालची एका सोंडेच्या, म्हणजे डोंगराच्या खाली उतरणाऱ्या धारेच्या, माथ्याला येऊन मिळते. म्हणून ओढा सोडला आणि सोंड धरली. सोंडेवरची चढण खडी आहे, पण गवताची आणि मोकळी. सकाळी साडेसहाला निघून पावणेआठला पहिल्या रेघेवर होतो.

तिथून डावीकडे आडवी वाट सुरू झाली. अगदी स्पष्ट, बैलाच्या खुरांनी मळलेली. अर्धा तास चाललो आणि उंचीमापकातला आकडा वीस मीटरही बदलला नाही. थर जवळजवळ आडवे असल्याचा पुरावा थेट पायांनाच मिळत होता. ज्या घळीत आम्ही जानेवारीत अडकलो होतो, तिच्या माथ्यावरून ही वाट ओलांडून गेली. वरून तो कातळटप्पा दिसला. दाजी काही बोलले नाहीत, फक्त पाण्याची बाटली माझ्याकडे दिली.

घळ ओलांडताना एक जागा काळजीची आहे. दोन पुरुष उंचीएवढा वाटेचा भाग ढासळलाय. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत या सगळ्या पट्ट्यात दरडी कोसळल्या होत्या, आणि अशा ताज्या उघड्या खुणा अजून ठिकठिकाणी दिसतात. इथे एकेकट्याने जायचं, बोलायचं नाही, थांबायचं नाही. पावसाळ्यात हा टप्पा अजिबात करू नका. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि ते पाणी याच घळींमधून कृष्णेत उतरतं.

पुढे कपार लागली. गेरू आत झिजलाय, वरचा कातळ छपरासारखा पुढे आलाय. दहा माणसं सहज बसतील. आणि कपारीच्या कोपऱ्यात पाणी! थेंबथेंब, पण स्वच्छ आणि गार. यामागेही तीच रेघ आहे. वरच्या कातळाच्या भेगांतून मुरलेलं पाणी खाली येतं, चिकणमातीसारख्या घट्ट गेरूच्या थरावर अडतं आणि मग आडवं वाहत कड्याच्या तोंडाशी बाहेर पडतं. म्हणून उन्हाळ्यात पाणी हवं असेल तर ओढ्याचा कोरडा तळ शोधत बसण्यापेक्षा तांबड्या पट्ट्याशी हिरवळ कुठे आहे ते बघा. नेचे, शेवाळ, एखादा उंबर. मार्चमध्ये सगळा डोंगर पिवळा असताना ही हिरवी खूण लांबूनही ओळखू येते. लिटरभर बाटली भरायला आम्हाला अठरा मिनिटं लागली.

मात्र अशाच कपारी आग्या मोहोळांनाही आवडतात. आम्हाला पुढच्या वळणावर सात पोळी दिसली. तिथून खाली उतरून, आवाज न करता, लांबून गेलो. अत्तर, धूर, मोठ्याने हाका मारणं, यातलं काहीही नको. आणि मार्चच्या वाळल्या गवतात चूल तर मुळीच नको. आम्ही दशम्या, चटणी आणि गूळ घेऊन गेलो होतो.

शेवटचा टप्पा एका नाळेतून. ही नाळ घसरडी नाही, कातळातल्या उभ्या भेगेवर कोरली गेलीय, दोन्ही बाजूंना हाताला पकड मिळते. तिच्यात एके ठिकाणी कुणीतरी फार पूर्वी पाय ठेवण्यापुरत्या खोबण्या खोदल्यात. झिजून त्यांच्या कडा गुळगुळीत झाल्यात. मी बराच वेळ त्यांवर हात ठेवून उभा राहिलो. सव्वादहाला पठारावर.

वर जांभा दगड. पाय ठेवताच जमिनीचा पोत बदलतो, आणि थोडं आत गेलं की दाट जंगल. शेकरूचं घरटं दिसलं, गव्याचं ताजं शेणही. कोळेश्वराच्या देवळापर्यंत गेलो, तिथे शांत बसलो. दक्षिणेच्या कडेवरून पलीकडे महाबळेश्वरचं पठार आणि मधे कृष्णेची दरी. समोरच्या कड्यांतही त्याच तांबड्या रेघा दिसत होत्या. मधलं सगळं नदीने कोरून नेलंय. आम्ही ज्या वाटेवरून आलो तिची जुळी पलीकडे असणार असं वाटून मी त्या कड्यांचे ओळीने फोटो काढून ठेवलेत.

उतरताना त्याच वाटेने आलो, साडेतीनला खाली. बाबा भेटले नाहीत. त्यांच्या घरी आजी होत्या, त्यांच्याकडे पेढे ठेवले. "गावली का वाट?" एवढंच त्यांनी विचारलं.

वहीत केलेल्या दुरुस्त्या: जानेवारीची घळीची वाट "वाट नाही" म्हणून खोडली. जोर ते क्षेत्र महाबळेश्वर या जुन्या नोंदीत मी "मधल्या पदरावर वाट चुकली" असं लिहिलं होतं. फोटो पुन्हा बघितले तर आम्ही तिथे रेघ सोडून तीसेक मीटर वर चढलो होतो. तो तुकडा परत चालायला हवा.

पुढचं काम कोळेश्वरच्या पठारावरून थेट कमळगडापर्यंत, एका दिवसात. अंतरापेक्षा पाण्याची चिंता आहे, कारण पठाराच्या मधल्या भागात रेघ कुठेच उघडी नाही. त्यामुळे उन्हाळ्यात नाही, नोव्हेंबरमध्ये, झरे वाहते असताना. दाजींनी दिवाळीनंतरचा रविवार राखून ठेवलाय.