ओपन स्पेसमधील रुई

नाशिकच्या इंदिरानगरातील आमच्या कॉलनीच्या मंजूर नकाशात एक तुकडा हिरव्या रंगाने दाखवलेला आहे. सुमारे एकरभर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआउट करताना 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते, त्या नियमातून मिळालेली ही जागा. तिला कॉलनीत सगळेच 'ओपन स्पेस' म्हणतात. अर्ध्या भागात पेव्हर ब्लॉक, बाके आणि व्यायामाची लोखंडी साधने आहेत, तर कुंपणालगतच्या उरलेल्या अर्ध्या भागात एक उंबर, दोन करंज आणि कोणीही न लावलेली रुई आहे. शाळेतून निवृत्त झाल्यानंतर दर रविवारी सकाळी मी कॉलनीतील दहा-बारा मुलांना घेऊन या दुसऱ्या भागात बसू लागले. हा वर्ग नव्हे, कारण मी काही शिकवत नाही. मुले जे दाखवतात त्यावर आम्ही बोलतो, एवढेच.

पहिल्याच पावसाळ्यात एका मुलीला रुईच्या पानावर काळे, पांढरे आणि पिवळे पट्टे असलेली अळी दिसली. ''आजी, हिला दोन्हीकडे शिंगं आहेत, मग तोंड कुठलं?'' असे तिने विचारले आणि मी उत्तर न देता थांबण्यास सांगितले. पाच-सात मिनिटांनी एका टोकाकडून पान कुरतडले जाऊ लागले, तेव्हा तोंडाचा प्रश्न सुटला आणि दुसरा उभा राहिला: पान तोडले की रुईचा पांढरा चीक भळभळतो, तो हिला बाधत कसा नाही? अळी आधी पानाची शीर कुरतडून चिकाचा ओघ तोडते आणि मग पुढचा भाग खाते, हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. रुईतील विषारी द्रव्ये मात्र तिच्या शरीरात काही प्रमाणात साठतात, आणि त्यामुळेच या अळीपासून होणाऱ्या प्लेन टायगर या नारिंगी फुलपाखराच्या वाटेला पक्षी सहसा जात नाहीत आणि ते निर्धास्तपणे, संथ उडत राहते. चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून पान फक्त मीच तोडायचे हा आमचा एकमेव कडक नियम. शनिवारी मारुतीला वाहिल्या जाणाऱ्या माळेतील पाने ती हीच, हे मात्र त्यांनीच मला सांगितले.

पुढचा प्रसंग लिहिताना संकोच वाटतो. दिवाळीपूर्वी कॉलनीतील मंडळींनी ओपन स्पेस 'स्वच्छ' करून घेण्याचा अर्ज तयार केला, साप आणि डासांची भीती त्यात लिहिली होती, आणि इतर दहा सह्यांबरोबर मीही न वाचताच सही केली. दोन दिवसांनी रुई बुंध्यापासून छाटलेली होती आणि करंजाखालचा पालापाचोळा जाळून झाला होता. रविवारी मुले आली, तेव्हा कोणी काही बोलले नाही. ती मुलगी मात्र राखेतून काडी फिरवत राहिली. सही माझी होती, हे तिला सांगण्याचे धैर्य मला पुढच्या रविवारी झाले.

त्याच हिवाळ्यात काही पालकांच्या आग्रहाने आम्ही मुलांना निफाड तालुक्यातील नांदूरमधमेश्वरला नेले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील हे जलाशय महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, आणि थंडीत तेथे उतरणारे स्थलांतरित पक्षी पाहणे हा कोणासाठीही आनंदच आहे. परतीच्या बसमध्ये मात्र बहुतेक मुलांना दुर्बिणीसाठीची रांग आणि डबा एवढेच आठवत होते. सहल वाईट नव्हती. पण वर्षातून एकदा पाहिलेल्या हजार पक्ष्यांपेक्षा पन्नास वेळा पाहिलेल्या एका झुडपातून मुले अधिक शिकतात, असे माझे मत त्या दिवसापासून पक्के झाले. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर 2015 मध्ये नाशिककरांनी लावलेल्या देवराईत जी मुले पुन्हा पुन्हा जातात, त्यांनाही हेच जाणवत असावे.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी 'कुरणशाळा' चालवली, म्हणजे मुले शाळेत येऊ शकत नाहीत तर शाळाच कुरणात नेली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवसांचा दप्तराविना कालावधी सुचवलेला आहे. माझ्या परिचयातील शाळांत तो बहुधा सभागृहातील कार्यशाळांतच संपतो. ''उन्हात काळवंडतील'' ही पालकांची तक्रार मला आजही ऐकावी लागते. त्यांना मी चीनमधील ग्वांगझू येथील 12 प्राथमिक शाळांतील प्रयोगाची माहिती देते: निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटे अधिक वेळ बाहेर ठेवले, आणि तीन वर्षांनंतर लघुदृष्टी येण्याचे, म्हणजे दूरचे पाहण्यासाठी चष्मा लागण्याची वेळ येण्याचे, प्रमाण तेथे 30.4 टक्के, तर इतर शाळांत 39.5 टक्के आढळले. चष्म्याचे नाव काढल्यावर बरेच पालक ऐकू लागतात. अळीच्या तोंडाबद्दल मी त्यांना काही सांगत नाही.

पुढील बैठकीत मी कुंपणालगतची वीस फूट जागा न झाडण्याची विनंती केली. साप येतील, हा आक्षेप पुन्हा आला आणि तो रास्तही आहे, म्हणून मुलांनी बूट घालायचे आणि पालापाचोळ्यात हात न घालता काडी वापरायची, असे ठरले. दोन घरांचा विरोध अजून कायम आहे. रुईला मात्र परवानगीची गरज पडली नाही. उन्हाळ्यातच जुन्या खोडातून तिचे कोंब वर आले आणि जूनच्या पावसानंतर पाने तळहाताएवढी झाली.

ती मुलगी आता सातवीत आहे आणि रुईची वही तिच्याकडे असते. गेल्या रविवारची तिची नोंद अशी आहे: ''नववा दिवस. हिरवा कोष काळपट झाला. आतून नारिंगी पंख दिसतात. सोमवारी शाळेआधी बघणे.''