कुर्ता क्रमांक पाच: खांदा बसला, आता बाजूच्या चिरेचं काम

पाचवा कुर्ता परवा रात्री पूर्ण झाला आणि काल दिवसभर ऑफिसात घातला. संध्याकाळी घरी आल्यावर लक्षात आलं की दिवसभरात एकदाही मी पुढचा गळा धरून खाली ओढला नाही. ज्यांना ही सवय आहे त्यांना याचा अर्थ बरोबर कळेल. माझी ती सवय किमान सहा-सात वर्षांची होती.

नव्याने शिवायला बसलेल्या मैत्रिणींसाठी थोडं मागचं. मी ५१ वर्षांची, कोथरूडला राहते, नोकरी डेक्कनला. मागच्या दिवाळीनंतर ठरवलं की रोज घालायचे सात कुर्ते स्वतः बेतायचे, स्वतः शिवायचे, आणि ते अंगाला नीट बसेपर्यंत सोडायचं नाही. लग्नकार्याचे कपडे यात नाहीत. सणाचा कपडा चार तास घालून कपाटात जातो. ज्या कपड्यात दहा तास बसायचं, जिने चढायचे, भाजी आणायची, तो सगळ्यात चांगला बसायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात मापापासून झाली आणि तिथेच बरेच दिवस अडले. माझं वजन दहा वर्षांत फारसं बदललेलं नाही, पण कंबर ३३ ची ३७ झाली. पाळी थांबायच्या सुमारास शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि चरबी मांड्या-नितंबांऐवजी पोटाकडे जमू लागते. छाती जड होते आणि थोडी खाली येते, खांदे पुढे झुकतात, मानेच्या खाली पाठ किंचित गोल होते. म्हणजे आपण नुसत्या मोठ्या झालेल्या नसतो, आपला आकार बदललेला असतो. दुकानात मात्र यावर एकच उत्तर मिळतं: एक साइज वरची घ्या.

वरची साइज घेतली की काय होतं ते आरशात नीट बघा. मला ३८ चा तयार कुर्ता खांद्याला अगदी बरोबर येतो आणि छातीवर ताणतो. ४२ चा घेतला की छाती-पोटाला जागा मिळते, पण खांद्याची शिवण दंडावर उतरते, गळा पसरतो, बाही कोपराखाली लोंबते. कारण साइज वाढवताना खांदा, गळा, मुंढा (बाही जोडायचा बगलेचा काप), बाही सगळंच वाढवतात, आणि आपली हाडं तर होती तेवढीच राहिलेली असतात. भारतीय अंगकाठीचं स्वतःचं मापकोष्टक असावं म्हणून निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या संस्थेने ‘इंडियासाइज’ हे सर्वेक्षण हाती घेतलं, त्रिमितीय स्कॅनरने ६ शहरांत लोकांची मापं घेतली. ते काम फार महत्त्वाचं आहे आणि त्याची मी मनापासून वाट बघते. तरी कोष्टक कितीही चांगलं झालं, तरी ३६ चा वरचा भाग आणि ४० ची छाती एकाच बाईला असू शकते, हे शेवटी टेप हातात घेऊनच कळतं.

तर ती मापं. टेप बगलेतून घेऊन छातीच्या वरून गुंडाळला तर माझं माप ३६ येतं. छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून ४०. फरक ४ इंच. बहुतेक छापील पॅटर्नमध्ये, म्हणजे बेतायच्या कागदी नमुन्यांत, हा फरक २ इंच धरलेला असतो. म्हणून मी बेतते ३८ चा कुर्ता: खांदा, गळा, मुंढा सगळं ३८ चं. उरलेले २ इंच फक्त पुढच्या भागात आणि फक्त छातीशी वाढवते. पुढचा भाग घडीवर अर्धाच बेततो, म्हणून कागदावर वाढ १ इंचाची. कागद छातीच्या टोकापासून तीन दिशांनी कापायचा: एक रेघ खाली घेरापर्यंत, एक बाजूच्या शिवणीकडे, एक तिरकी वर मुंढ्याकडे. मुंढ्याची रेघ शेवटच्या दोऱ्याइतकी जोडलेली ठेवायची आणि बिजागरीसारखा कागद उघडायचा. बाजूला आपोआप टक (आकारासाठी शिवायची निमुळती चुणी) तयार होतो, पुढची लांबीही थोडी वाढते, आणि तीच लांबी आपल्याला हवी असते. पुढून वर उचलला जाणारा कुर्ता यानेच सरळ पडतो.

टकाबद्दल एक गोष्ट तिसऱ्या कुर्त्यात कळली. खांदा-गळ्याच्या टोकापासून छातीच्या टोकापर्यंत पॅटर्नमध्ये १० इंच होते, माझे निघाले सव्वाअकरा. मी टक सव्वा इंच खाली नेला आणि छातीच्या टोकाच्या एक इंच आधीच थांबवला. टोकापर्यंत नेला तर तिथे कापडाचा सुळका उभा राहतो. आणि हे माप रोज घालतो त्याच, नीट बसणाऱ्या ब्रावर घ्यायचं. मी पहिल्यांदा जुन्या, सैल झालेल्या ब्रावर घेतलं होतं. पूर्ण कुर्ता उसवावा लागला.

आता मुंढा. यावर मी पाचही कुर्त्यांत काम करते आहे. अनेक वर्षं मी एका टेलरकडे कपडे टाकत होते आणि दरवेळी सांगायचे, हाताला मोकळं ठेवा. ते मुंढा खोल कापायचे. मलाही ते बरोबर वाटायचं. प्रत्यक्षात उलटं होतं. मुंढा जितका खोल, तितकी बाही अंगाला खाली जोडलेली, आणि हात वर केला की बाहीबरोबर कुर्त्याची सगळी बाजू वर ओढली जाते. मुंढा बगलेच्या जवळ असेल तर हात हलतो आणि कुर्ता जागेवर राहतो. माझ्या पहिल्या कुर्त्याचा मुंढा साडेनऊ इंच खोल होता, पाचव्याचा आठ. दीड इंचाचा फरक, पण फडताळातल्या वरच्या कप्प्यातला डबा काढताना कमरेशी जो फुगा यायचा तो गेला. मोकळेपणा बाहीच्या रुंदीत द्यायचा: माझा दंड १३ इंच आहे, बाही १५ ची ठेवते.

जुन्या अंगरख्यांना बगलेत चौबगला असायचा, एक छोटा तुकडा वेगळा कापून घातलेला. मुंढा लहान ठेवूनही हात मोकळा राहावा यासाठीच तो असणार. सहाव्यात घालून बघायचा विचार आहे. कुणी घातला असेल तर कोपऱ्यावर शिवण कशी वळवली ते नक्की सांगा.

फिटिंग बघायची माझी पद्धतही आता ठरली आहे. मांजरपाटाचा कच्चा कुर्ता लांब टाक्यांनी शिवते, घालते आणि खाली पार्किंगमध्ये जाऊन स्कूटरवर बसते. हात हँडलवर, पाठ नेहमीसारखी. आरशासमोर ताठ उभं राहिल्यावर सगळेच कपडे बरे दिसतात. पुण्यात आपला निम्मा दिवस हात पुढे करून जातो, स्कूटरवर किंवा कीबोर्डवर. चौथा कुर्ता आरशात सुंदर बसला होता आणि हँडल धरल्यावर दोन्ही खवाट्यांच्या मधे करकचून ताणला. मागची रुंदी प्रत्येक बाजूला पाव इंच वाढवली आणि ते सुटलं.

गळा मागे सरकण्याचं कारणही तिथेच सापडलं. माझे खांदे पुढे आले आहेत आणि मानेखाली पाठ गोल झाली आहे. त्या गोलाईवरून जायला मागच्या भागाला जास्त लांबी लागते. ती नसली की कुर्ता पुढची लांबी मागे ओढून घेतो आणि गळा कंठाशी चढतो. उपाय दोन केले. खांद्याची शिवण टोकाशी अर्धा इंच पुढे आणली, म्हणजे पुढच्या भागातून अर्धा इंच काढला आणि मागच्या भागाला दिला. बाहीच्या माथ्याची खूणही तेवढीच पुढे सरकवली, नाहीतर बाही पिळते. दुसरं, पाठीला गळ्याखाली ४ इंचांवर आडवी शिवण घेऊन योक, म्हणजे वरचा वेगळा तुकडा, दिला आणि खालच्या तुकड्याची वरची कड मध्यावर अर्धा इंच उंच ठेवून मुंढ्याकडे शून्यावर आणली. शर्टाला असतो तसाच योक दिसतो, बदल कुणाला कळत नाही. या एका शिवणीसाठी दोन रविवार गेले आणि ते दोन्ही सार्थकी लागले.

कापडाबद्दल. आयडियल कॉलनीवरून मेट्रो, जिल्हा न्यायालयाला बदलायची आणि मंडईला उतरायचं. हा मार्ग सुरू झाल्यापासून गाडी लावायची चिंताच संपली. तुळशीबागेत बटणं, बकरम, दोरे घेते, कापड रविवार पेठेतल्या कापडगंजात किंवा लक्ष्मी रोडवर. दुकानात मी कापड दोन हात वर धरून सोडते आणि कसं पडतं ते बघते. रेयॉन छान लोळतं, पण पोटावर चिकटतं आणि टांगल्यावर लांबीला वाढतं. अगदी पातळ मलमलला अस्तर लागतं. कडक पॉपलिन माझ्या छातीपासून तंबूसारखं सरळ खाली उतरतं. मला सर्वांत मानवलं ते मंगळगिरी सुती: थोडं वजन आहे, आकार धरतं, एप्रिलच्या उन्हात घाम शोषतं. पन्हा ४४ इंच धरला तर गुडघ्यापर्यंतचा, पाऊण बाहीचा कुर्ता अडीच मीटरमध्ये बसतो.

बेतण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवणं मी आता कधीच टाळत नाही. पाचव्याचं अडीच मीटर कापड भिजवून वाळवल्यावर साडेतीन इंच आटलं. शिवून झाल्यावर ते आटलं असतं तर टक, लांबी, सगळा हिशेब गेला असता. सुई या कापडाला १४ नंबरची, मलमलला ११.

रंगाचं थोडक्यात. केस रंगवणं मी दोन वर्षांपूर्वी थांबवलं आणि त्यानंतर मोतिया, बिस्किटी रंग चेहऱ्याजवळ फिके वाटू लागले. गडद निळा, वांगी, विटकरी हे खुलतात. कापड गॅलरीत दिवसाच्या उजेडात गळ्याशी धरून ठरवते. गळा इंग्रजी व्हीसारखा, साडेसहा इंच खोल, अरुंद पट्टी लावलेला.

बाजूच्या शिवणीत मी पूर्ण एक इंच माया सोडते. शिवणीत राखून ठेवलेल्या कापडाला आपल्या भाषेत माया म्हणतात, आणि हा शब्द मला फार आवडतो. या वयात कंबर सहा महिन्यांत इंचभर इकडेतिकडे होते. उसवून पुन्हा टीप घातली की कुर्ता परत आपला. माझ्या आईचे ब्लाउज अशाच मायेवर वीस-वीस वर्षं चालले. बाजारातल्या कुर्त्यात ही जागा जेमतेम पाव इंच असते.

पाचव्यात अजून एक गोष्ट जमलेली नाही, ती म्हणजे चीर. आता ती नितंबाच्या सर्वांत रुंद भागाच्या २ इंच वर सुरू होते. स्कूटरवर बसल्यावर मागचा पदर सीटवर नीट पसरतो, पण उभं राहिल्यावर चीर उघडी राहते आणि आतली सलवार दिसते. खाली सुरू केली तर बसताना ताण येतो. माझा अंदाज आहे की दोष चिरेचा नाही, घेराचा आहे: नितंबाशी माझं माप ४२ आणि कुर्ता ४४ चा, म्हणजे सैलपणा फक्त २ इंच. सहाव्यात घेर ४६ करून, चीर दीड इंच खाली सुरू करून बघणार आहे. खिसा बाजूच्या शिवणीतच हवा आहे, त्यामुळे चिरेच्या वर निदान ७ इंच सलग शिवण शिल्लक राहायला हवी. हे गणित कागदावर जमतंय. विटकरी मंगळगिरी काल भिजवून वाळत घातलंय, शनिवारी मांजरपाटावर बेतते आणि स्कूटरवर बसून बघते.