मागचा ब्रेक

बुधवार, रात्री पावणेअकरा

नखांतलं काळं निघत नाहीये. भांड्यांचा साबण झाला, खोबरेल तेल झालं. उद्या काउंटरवर हेच हात लोकांसमोर धरायचे आहेत.

रविवारी सिंहगडावरून सायकलने उतरताना मागच्या ब्रेकचा लिव्हर पार हँडलला येऊन टेकला. हात ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर होते, रस्ता ओला, पुढे वळण. मोटरसायकलसारखाच माझ्या सायकलचाही पुढचा ब्रेक उजव्या हाताला आहे, त्याने सांभाळून घेतलं. डाव्या हाताने मी नुसतीच मूठ आवळत होते. डोणजे येईपर्यंत जीव मुठीत, म्हणजे उजव्या मुठीत.

सोमवारी दुकानात दाखवली. पोराने वायर ओढली, नट आवळला, “झालं मॅडम.” मंगळवारी लिव्हर खरंच वर आला होता. पण चाक खर्रखर्र घासत होतं आणि ब्रेकला जोर आधीपेक्षाही कमी. तेव्हा ठरवलं, आता स्वतःच बघायचं.

माझे कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी धातूची डिस्क दोन पॅडमध्ये पकडणारे चिमटे, बीबी७ मॉडेलचे, रोड जातीचे. ही ‘रोड’ची शेपटी महत्त्वाची आहे. वळलेल्या हँडलच्या लिव्हरने वायर कमी ओढली जाते, सरळ हँडलच्या एमटीबी (माउंटन बाईक) लिव्हरने जास्त. जोडी चुकली की कितीही ऍडजस्टमेंट करा, ब्रेक नीट लागत नाही. सेकंडहँड सायकल घेतल्यावर मी आधी हेच तपासलं होतं. त्यामुळे दोष तिथे नव्हता.

यात एकच पॅड हलतो, बाहेरचा. आतला जागेवर बसून असतो. ब्रेक दाबला की बाहेरचा पॅड डिस्कला किंचित वाकवून आतल्या पॅडवर नेऊन दाबतो. वायर ज्या दांड्याला बांधलेली असते तो फिरतो आणि पॅड पुढे सरकतो. दुकानातल्या पोराने काय केलं होतं, तर पॅड झिजल्यामुळे पडलेली फट वायर ओढून भरून काढली होती. म्हणजे दांडा आधीच अर्ध्या वाटेवर जाऊन बसला. लिव्हर दाबल्यावर त्याला फिरायला जागाच उरली नाही. फट भरायची ती पॅडच्या मागच्या लाल चकत्या फिरवून. दांडा मोकळा असताना पूर्ण मागे गेला पाहिजे. हे कळायला मला दोन वर्षं लागली, त्यामुळे त्या पोराला बोलायचा मला काही अधिकार नाही.

वायर सोडली. कॅलिपरचे दोन्ही बोल्ट ढिले केले, इतके की कॅलिपर हाताने डुलायला हवा. बोल्टखाली वाटीसारखे वॉशर असतात, त्यांच्यामुळे तो थोडा तिरकाही होऊ शकतो. मग दोन्ही लाल चकत्या आत फिरवून डिस्क पॅडमध्ये गच्च पकडली आणि बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळले. एकच बोल्ट पूर्ण आवळला तर कॅलिपर त्या बाजूला फिरतो आणि सगळी मेहनत पाण्यात. मग चकत्या टिचकी टिचकीने मागे. आतला पॅड डिस्कच्या जितका जवळ ठेवता येईल तितका, फक्त घासता कामा नये. मागे पांढरा कागद धरून मोबाईलचा टॉर्च मारला की फट दिसते. खाली पार्किंगमध्ये हे चाललं होतं तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे काका येऊन उभे राहिले. “आमच्या वेळी दांडीचे ब्रेक होते, कधी हात लावला नाही.” बरोबर आहे काका, पावसात ते लागतही नव्हते.

गुरुवार

डिस्क एका जागी वाकलेली निघाली. पक्कडला हात न लावता, स्वच्छ फडकं धरून अंगठ्याने जरा जरा सरळ केली. नुसती बोटं लावायची नाहीत, बोटांचं तेल पॅडमध्ये जातं आणि मग ब्रेक किंचाळायला लागतो. वीस मिनिटांचं काम. घासणं बंद.

ब्रेक मात्र अजून मऊच.

शनिवार

काल रात्री झोपताना एक गोष्ट सुचली. मी तीन दिवस कॅलिपरपाशीच बसले आहे. लिव्हरपासून तिथपर्यंत वायर दीड मीटरच्या आसपास जाते. हँडलवरच्या टेपखालून, वळसा घेऊन, खालच्या नळीवरून, मागच्या चाकापर्यंत. तिथे काय होतंय ते मी एकदाही पाहिलं नाही.

सकाळी भाचीला बोलावलं. दोन्ही चकत्या पूर्ण आत फिरवून डिस्क पॅडमध्ये घट्ट पकडली. आता पॅडला हलायला जागाच नाही. म्हणजे लिव्हर लगेच दगडासारखा कडक व्हायला हवा. भाचीला म्हटलं, दाब. लिव्हर निम्म्यापर्यंत आरामात आत गेला.

म्हणजे इतके दिवस मी ज्याच्याशी भांडत होते त्याचा यात काही दोष नव्हता.

“मावशी,” ती हँडलजवळ बोट लावून म्हणाली, “हा पाईप जिवंत आहे.”

खरंच होता. प्रत्येक दाबाला आऊटर, म्हणजे वायरीवरचं ते जाड आवरण, हँडलपाशी किंचित ताणून उभा राहायचा, सोडला की परत वाकायचा. साधा ब्रेकचा आऊटर म्हणजे आत पत्र्याच्या पट्टीची गुंडाळी, स्प्रिंगसारखी. वायर ओढली की ती गुंडाळी दाबली जाते. पुढच्या ब्रेकला आऊटर लहान, म्हणून फरक जाणवत नाही. मागचा लांब, आणि रिम ब्रेकच्या (चाकाच्या कडेला लागणाऱ्या) सायकलवर मधला काही भाग उघडा असतो तसाही नाही, डिस्कला बहुतेक वेळा आऊटर शेवटपर्यंत जातो. लिव्हरची निम्मी चाल ही गुंडाळी दाबण्यातच संपत होती. टेप सोडून पाहिली तर वर आणखी एक गंमत. आऊटरचं टोक तिरकं कापलेलं, टोपी त्यावर तिरपी बसलेली, दर वेळी दबून सरळ होणारी.

उपाय म्हणजे न दबणारा आऊटर. यात तारा वेटोळ्यांऐवजी लांबीच्या दिशेने असतात आणि वरून आणखी एक विणलेला थर. तारा लांबीत असतात त्या गिअरच्या आऊटरमध्येही, पण तो ब्रेकला कधीही वापरायचा नाही. ब्रेकचा ताण मोठा असतो, तारा फाटून बाहेर येऊ शकतात. हा वेगळा, ब्रेकसाठीचाच मागवला. घरी आला तेव्हा कळलं, हा वाकायला भलताच हट्टी आहे. हँडलवरचं वळण घेताना तीनदा उसळून माझ्या चष्म्यावर आला. चांगल्या कटरने कापला, टोक कानसने सपाट केलं, आतलं तोंड टाचणीने मोकळं केलं, नवी वायर, नव्या टोप्या. दुपार गेली. त्यातली अर्धी टेप गुंडाळण्यात.

लावल्यावर पुन्हा तीच परीक्षा. डिस्क पकडली, भाचीने लिव्हर दाबला. बोटभर आत गेला आणि थांबला. “अगं, हा तर पुढच्यापेक्षा कडक.” आणि ती चहा टाकायला गेली.

ऑफिसातला मित्र म्हणतो, एवढी कटकट कशाला, हायड्रॉलिक लाव, वायरीऐवजी तेलावर चालणारे. तसल्या ब्रेकचे लिव्हरच माझ्या सायकलच्या किमतीच्या घरात जातात. शिवाय मला पुढच्या हंगामात २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, करायची आहे, साडेतेरा तासांत. तिथे रात्री कुठेतरी ब्रेक गेला तर पाठीवरच्या पिशवीत एक वायर आणि पाच नंबरची ऍलन की पुरते. तेल भरायची नळी घेऊन कोण फिरणार?

रविवार

पहाटे सहाला, रिकाम्या रस्त्यावर, पॅड डिस्कवर घासून बसते केले. थोडा वेग घ्यायचा, ब्रेक दाबून चालण्याच्या वेगावर यायचं, पण पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग. वीसेकदा केलं. सुरुवातीला काहीच नाही, मग साताठ वेळांनंतर पकड येत गेली आणि तापलेल्या पॅडचा वास. दूधवाला दोनदा बाजूने गेला, तिसऱ्यांदा थांबून विचारलं, “ताई, काही शोधताय का?”

पावसाळ्यात चिखलाने पॅड लवकर झिजतात, म्हणून दर दोन आठवड्यांनी बाहेरची लाल चकती एक टिचकी आत, असं कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे. वायरला हात लावायचा नाही, हेही खाली लिहिलं आहे, लाल पेनाने.

उजव्या बाजूची टेप शेवटी दोन बोटं कमी पडली. तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवली आहे. भाचीला ती अजून दिसलेली नाही.