लेहची विमानं सकाळीच का?

लेहचा विमानतळ १०,६८२ फुटांवर आहे. तिथे विमानाच्या कामगिरीचा हिशेब खऱ्या उंचीवर नाही, घनता-उंचीवर करायचा, म्हणजे प्रमाणित हवामानात हवा जितक्या उंचीवर इतकी विरळ असते त्या उंचीवर. या उंचीचं प्रमाणित तापमान साधारण उणे ६ अंश. बाहेर २५ अंश असेल तर फरक ३१ अंशांचा, आणि दर अंशाला सुमारे १२० फूट धरले की घनता-उंची जाते १४,४०० फुटांवर.

अशा विरळ हवेत वेगमापक १३० नॉट (ताशी सुमारे २४० किमी) दाखवतो तेव्हा शांत वाऱ्यातही विमान जमिनीवर १६० नॉटच्या पुढे धावत असतं. ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा समुद्रसपाटीच्या दीडपटीहून अधिक. त्यात इंजिनांचा जोरही घटलेला! एक इंजिन बंद पडलं तरी डोंगर टाळून चढता आलंच पाहिजे, म्हणून आधी वजन कमी करतात: सामान, मग प्रवासी. तेही पुरेसं नसेल तर उड्डाण रद्द. जुलै २०२४च्या उकाड्यात तसंच झालं.

दुपारी सिंधूच्या खोऱ्यातून वर चढणारा वारा जोर धरतो. उतरायचं बहुधा पूर्वेकडे, धावपट्टी ०७ वर, त्यामुळे तोच वारा पाठीमागून येतो आणि विमान थांबवणं आणखी अवघड होतं. सकाळी हवा थंड आणि वारा कमी, म्हणून विमानं तेव्हाच; सकाळचं उड्डाण रद्द झालं तर दुपारी दुसरं मिळणं कठीण. म्हणूनच लेहहून परतताना पुढची जोडफ्लाइट त्याच दिवशी दुपारची घेऊ नका.