तारामतीचं विचारता, भोकांचं कुणी विचारत नाही

नाशिकला पाहुणे आले की त्र्यंबकेश्वर, काळाराम आणि रामकुंड झाल्यावर उरलेली संध्याकाळ पांडवलेण्यांच्या पायथ्याला फाळके स्मारकात जाते. तिथे दोन प्रश्न हटकून येतात. एक, पहिला भारतीय चित्रपट ‘राजा हरिश्चंद्र’ इथेच काढला ना? आणि दोन, तारामती म्हणे पुरुष होता, खरं का हो? मी नाशिककर, त्यातून जुन्या सिनेमाचं वेड, त्यामुळे हे प्रश्न माझ्याच वाट्याला येतात. पहिल्याला मी ‘नाही’ म्हणते, दुसऱ्याला ‘हो’ म्हणते आणि मंडळी भेळेकडे वळतात. नीट उत्तर द्यायला तिथे सवड मिळत नाही, म्हणून आता देते.

दादासाहेब फाळक्यांचा जन्म १८७० सालचा, त्र्यंबकेश्वरचा. पण पहिला चित्रपट झाला मुंबईत, दादरच्या त्यांच्या राहत्या बंगल्यात. ३ मे १९१३ ला तो गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. नाशिकचा त्यातला वाटा म्हणाल तर कॅमेरा. लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा चालवायला फाळक्यांनी त्र्यंबकचा आपला बालमित्र, त्र्यंबक तेलंग, बोलावून घेतला आणि त्याला तो शिकवला. हॅंडल हातानं फिरवायचं, वेग मोजूनमापून ठेवायचा, एक पट्टी संपली की अंधारात दुसरी भरायची. गावचा मित्र आहे, शिकेल, एवढ्या भरवशावर तिकडे एवढं मोठं काम सोपवलं! मला तर तारामतीच्या गोष्टीपेक्षा हीच जास्त धाडसाची वाटते.

आता तारामती. बायका मिळेनात, जाहिराती देऊन झाल्या, तमाशा-कोठीवाल्याही नको म्हणाल्या. मग ग्रॅंट रोडच्या एका खाणावळीतला आचारी, अण्णा साळुंखे, फाळक्यांच्या नजरेत भरला. सडपातळ बांधा, नाजूक हात. तिथे दहा रुपये पगार होता, इथे पंधरा मिळतील म्हटल्यावर तो आला, असं सांगतात. बाकीच्या नटांना मिशा काढायला लावताना घाम फुटला, कारण बाप जिवंत असताना मिशी काढायची म्हणजे अशुभ. रोहिदासाचं काम करायला कुणी आपलं पोर देईना, म्हणून फाळक्यांनी स्वतःचाच मुलगा भालचंद्र उभा केला. आणि सिनेमात काम करतो म्हटलं तर लोक नावं ठेवतील, म्हणून मंडळींना सांगून ठेवलेलं: कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहे म्हणायचं.

हे सगळं ऐकून पाहुणे खूश होतात. पण ‘बायका मिळत नव्हत्या म्हणून’ हे उत्तर अर्धवट आहे. पहिल्या चित्रपटानंतर फाळके बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले आणि इथेच ‘मोहिनी भस्मासुर’ केला. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. या कमलाबाई म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, विक्रम गोखल्यांच्या आजी. म्हणजे दुसऱ्याच चित्रपटात बाई पडद्यावर आली होती. (त्या चित्रपटाबरोबर ‘पीठाचे पंजे’ नावाची विनोदी फिल्मही दाखवायचे. नाव तरी काय!) तरीही १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये सीता झाले ते पुन्हा अण्णा साळुंखेच, आणि वर रामही तेच. रामाला आणि सीतेला एकच माणूस! सीतेचे दंड पाहून प्रेक्षक हसले असतील असं आपल्याला वाटतं, पण चित्रपट धो धो चालला. चार वर्षांत साळुंखे नुसते ‘बदली बाई’ राहिले नव्हते, ते त्या काळचे स्टार झाले होते. स्टारला कोण काढतं?

पण मला खरं सांगायचंय ते भोकांचं.

तेव्हा कच्ची फिल्म परदेशातून यायची ती कोरी, कडेला भोकं नसलेली. ती भोकं आपण पाडायची. कॅमेऱ्याचे आणि प्रोजेक्टरचे दात त्या भोकांतच अडकतात आणि फिल्म पुढे सरकते. भोक केसभर जरी सरकलं तरी पडद्यावर चित्र थरथरतं. हे काम अंधाऱ्या खोलीत, हातानं चालवायच्या यंत्रावर करायचं. आणि ते करायच्या फाळक्यांच्या पत्नी, सरस्वतीबाई. दिवसा घरातल्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, चित्रीकरण असलं की उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायचा आणि रात्री पोरं झोपली की भोकं.

मी एकदा कागद घेऊन हिशेब मांडला. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मला एका फुटात सोळा चौकटी. प्रत्येक चौकटीला दोन्ही बाजूंना चार-चार, म्हणजे आठ भोकं. ‘राजा हरिश्चंद्र’ होता ३,७०० फुटांचा. गुणाकार केला तर पावणेपाच लाखांच्या घरात भोकं, आणि ती फक्त एका प्रतीची. मूळ निगेटिव्ह वेगळी, वाया गेलेली फिल्म वेगळी. यंत्राच्या एका दाबात एकाहून जास्त भोकं पडत असतील हे मान्य, तरी पट्टी सरकवणारा आणि दांडा दाबणारा हात बाईचाच. हिशेब पाहून माझा नवरा म्हणाला, ‘फाळके पुरस्कार यांच्या नावानं हवा होता.’ मी म्हटलं, निदान स्मारकात ते यंत्र कसं असायचं ते तरी कुणी दाखवा.

पैसे उभे करायलाही युक्ती लागली होती. फाळक्यांनी आधी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची थोडी थोडी चित्रं रोज घेत गेले. पडद्यावर पाहिलं तर मिनिटभरात बी फुटून वेल चढतो. ‘अंकुराची वाढ’ हे त्याचं नाव. ते पाहून पैसेवाल्याचा विश्वास बसला. हा माणूस मुळात जादूगारही होता, हे विसरू नका. फाळके उलटं वाचून ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं त्यांनी जादूचे प्रयोग केले होते.

आता पहिल्या प्रश्नाकडे परत, कारण ‘नाही’ म्हणून मी तुम्हाला थोडं फसवलंय. आज ‘राजा हरिश्चंद्र’ची जी दोन रिळं आपण पाहतो, पहिलं आणि शेवटचं, ती १९१३ ची नसावीत असं चित्रपटाच्या इतिहासाच्या काही अभ्यासकांचं मत आहे. १९१७ मध्ये फाळक्यांनी हाच चित्रपट नव्यानं केला होता आणि तोवर त्यांचं बिऱ्हाड इथेच होतं. त्या अभ्यासकांचं म्हणणं खरं धरलं, तर देशभर ‘पहिला भारतीय चित्रपट’ म्हणून दाखवतात ती रिळं नाशिकच्या काळातली निघतात. मी त्या बाजूची आहे, यात गावाचा अभिमान नाही असं काही मी म्हणणार नाही.

आणखी एक प्रश्न येतो तो पंचवटीत, सीतागुंफेच्या रांगेत. टीव्हीवरच्या ‘रामायण’मधली पंचवटी हीच का? नाही. १९८७ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या त्या मालिकेचं चित्रीकरण गुजरातेत उंबरगावला झालं. एवढंच.

नाशकातल्या फाळक्यांचं काही बघायचंच असेल तर ‘कालिया मर्दन’ बघा. १९१९ चा चित्रपट, इथल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीचा. कृष्ण आहे त्यांची मुलगी मंदाकिनी, वय वर्षं सात. चित्रपटाची सुरुवातच गमतीची आहे. गोष्ट सुरू व्हायच्या आधी कॅमेरा त्या पोरीच्या तोंडाजवळ जातो आणि ती नुसते भाव दाखवत बसते, एकामागून एक. मग चित्र विरघळतं आणि तीच पोरगी मुकुट-मोरपिसात कृष्ण होऊन समोर येते. फाळक्यांना प्रेक्षकांना सांगायचं होतं की हा मेकअपचा चमत्कार नाही, मुलीचा अभिनय आहे. पडद्यामागचं पडद्यावर आणायचं त्यांना वेडच होतं. चित्रपट कसे तयार होतात यावर त्यांनी एक छोटी फिल्मही काढली, तिचे तुकडे शिल्लक आहेत, त्यात ते स्वतः फिल्मची पट्टी तपासताना दिसतात. आज चित्रपटाबरोबर ‘मेकिंग’ येतं आणि आपल्याला ती नवी टूम वाटते.

तर पुढच्या वेळी स्मारकात याल तेव्हा तारामतीचं विचारा, काही हरकत नाही. पण सोबत सरस्वतीबाईंचंही विचारा. भेळ माझ्याकडून.